भिंतीवरचा पट्टा



शाबान लागला की मोहल्ल्यात दोन वास एकदमच फिरू लागतात, शबे बरातच्या हलव्याचा आणि ओल्या रंगाचा. रमजानच्या आधी घर झाडून-पुसून, हात पोहोचला तर रंगवून घ्यायचे ही आपल्याकडची जुनी सवय. या वर्षी आमच्याकडे रंगाचा डबा दिवाळीच्या सुट्टीतच उघडला, आणि तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा आम्हाला दोन प्रश्न विचारतो. बोळकांडीच्या भिंतीवर तो एकच गडद पट्टा कशासाठी? आणि तो एवढा सरळ आला कसा? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागेल, कारण घडलेही त्याच क्रमाने.

सुरुवात धाकटीच्या खोलीपासून झाली. ती नववीत आहे, आणि तिने मोबाईलवर कुठेतरी उभ्या पट्ट्यांची भिंत पाहिली. फिकट आणि गडद, एकाआड एक, कडा अशा की ब्लेडने कापल्यासारख्या. रंगाऱ्याला विचारले तर त्याने साध्या भिंतीच्या दुप्पट मजुरी सांगितली. "पट्ट्याला वेळ जातो," एवढेच तो म्हणाला. तेव्हा आम्हाला ते पटले नव्हते. आता पटते.

भाईजानांनी फोनवर ऐकले आणि म्हणाले, "भिंतीला पट्टे? हा इसराफ नाही का?" प्रश्न रास्त होता. आम्ही हिशेब मांडला. खोलीला रंग तसाही द्यायचाच होता, मागच्या पावसाळ्यात कोपऱ्याला ओल आली होती. पट्ट्यांसाठी जास्तीचा लागणार होता तो दुसऱ्या रंगाचा एक लिटर आणि चिकटपट्टीच्या काही गुंडाळ्या. मेहनत घरची. भाईजान गप्प बसले, पण पूर्ण पटल्यासारखे नव्हेत.

त्या दिवसांत आमच्या घरावर दुसरेच सावट होते, तेही सांगायला हवे. पावसाळा संपता संपता अम्मी पडल्या. अम्मींना काचबिंदू आहे. या आजारात नजर समोरून जात नाही, कडेने जाते, आणि गेलेली परत येत नाही. डोळ्यांत थेंब घालायचे ते उरलेली टिकावी म्हणून. समोरचा चेहरा त्या ओळखतात, पण पायाजवळची वस्तू, बाजूची चौकट, एकाच रंगाच्या दोन गोष्टींमधली सीमा त्यांना कळत नाही. अंधूक उजेडात तर मुळीच नाही. आमचे घर मिरजेतले, जुने. अम्मींच्या खोलीपासून मोरीपर्यंत चौदा फुटांची अरुंद बोळकांडी, आणि मोरीच्या दाराशी एक पायरी खाली. भिंत मलईच्या रंगाची, दार त्याच रंगाचे, खाली झिजून फिकट झालेली शहाबादी फरशी. पहाटे तहज्जुदच्या वुजूसाठी उठल्या आणि पायरी आहे हे पायाला कळण्याआधी तोल गेला. मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर.

त्यानंतर आम्ही जे जे केले ते अम्मींनी मोडून काढले. उशाशी घंटी ठेवली, ती त्यांनी कपाटात ठेवून दिली. "चाळीस वर्षं मी पहाटे एकटी उठते. आता वुजूसाठी पोरांना उठवू?" बोळकांडीत मोठा बल्ब लावला, तर काचबिंदूच्या डोळ्यांना तो झगझगाट सोसवेना. त्या डोळे मिटूनच चालू लागल्या. भिंतीला स्टीलचा दांडा लावू म्हटले तर म्हणाल्या, "घराचा दवाखाना करायचा आहे का?" शेवटी मोरीच्या आत एक दांडा त्यांनी कबूल केला, बाहेर नाही. आम्ही रात्री आळीपाळीने जागे राहू लागलो आणि अम्मी आमची चाहूल लागू नये म्हणून आणखी हळू, आणखी अंधारात उठू लागल्या. असे सगळे चालू असताना धाकटीचे पट्टे.

पहिला प्रयत्न फसला, तो कसा हे ऐकण्यासारखे आहे.

घरात पार्सलची तपकिरी टेप होती, तीच लावली. काढताना तिच्याबरोबर रंगाचे पापुद्रे आले, काही ठिकाणी खालचा चुनासुद्धा. जुन्या घरांत हे होणारच. चुन्याच्या भिंतीवर हात फिरवला आणि तळवा पांढरा झाला तर त्या भिंतीवर कुठलीच टेप लावू नये. आधी खरवडायचे, पॉलिश पेपरने घासायचे, फडक्याने धूळ पुसायची, प्रायमर द्यायचा, खड्डे पुट्टीने भरून पुन्हा घासायचे, आणि मग भिंतीच्या मूळ रंगाचे दोन हात. तो रंग नीट वाळू द्यायचा. हाताला कोरडा लागतो म्हणजे आतून वाळला असे नाही. एक दिवस ही कमीत कमी मुदत, चार-पाच दिवस मिळाले तर उत्तम. ओल असलेल्या भिंतीचा तर विचारच नको, म्हणून दिवाळीनंतरचा कोरडा काळ बरा.

दुसऱ्या वेळी दुकानातून रंगाऱ्यांची कागदी मास्किंग टेप आणली. या वेळी भिंत शाबूत राहिली, पण टेप काढल्यावर कडा पाहून धाकटी रडायचीच बाकी होती. रंग टेपखाली शिरला होता. सरळ रेघेऐवजी करवतीचे दात. त्यात आमचा हिशेबही चुकलेला. एका कोपऱ्यातून मोजत गेलो आणि शेवटचा पट्टा खाली नऊ इंच तर वर आठ इंच भरला. भिंत सरळ आहे हे आम्ही गृहीत धरले होते.

आमच्या गल्लीत एक पेंटर चाचा राहतात. सत्तरीचे. एके काळी अर्ध्या बाजारपेठेच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही लिपींत. फ्लेक्स आले आणि ते काम गेले. पूर्वी घरांना खाली ऑइल पेंट आणि वर डिस्टेंपर द्यायचे, दोहोंच्या मध्ये बोटभर जाडीची रेघ असायची. शाळेच्या वऱ्हांड्यांत अजून दिसते. ती रेघ चाचा पट्टी टेकवून नुसत्या ब्रशने ओढत. टेप नाही, काही नाही. त्यांना बोलावले. त्यांनी भिंत पाहिली, हसले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. म्हणाले, "बेटा, रंग नंतर. आधी भिंत समजून घ्या."

खिशातून त्यांनी ओळंबा काढला. दोरीला बांधलेले वजन. उर्दूत याला साहुल म्हणतात. दोन्ही शब्द आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो, पण वस्तू हातात घेण्याची वेळ पहिलीच. वरून दोरी सोडली, वजन थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि कोपरा दोरीपासून इंचभर दूर गेलेला दिसला. जमीन ओढते ती रेघ खरी, कोपरा सांगतो ती नव्हे. म्हणून उभे पट्टे कोपऱ्यातून सुरू करायचेच नाहीत. भिंतीचा मध्य काढायचा, तिथे ओळंब्याने पहिली रेघ, आणि दोन्ही बाजूंना मोजत जायचे. भिंतीचा वाकडेपणा शेवटच्या दोन पट्ट्यांत पडू द्यायचा.

इथे थोडे गणित आहे, आणि ते मुलांकडून करून घ्यावे. आमची भिंत 11 फूट 3 इंच, म्हणजे 135 इंच. नऊ इंचांचा पट्टा धरला तर बरोबर 15 पट्टे. संख्या विषम हवी, म्हणजे दोन्ही टोकांना एकच रंग येतो. आणि टोकांचा रंग भिंतीचाच ठेवावा. 15 पैकी आठ पट्टे मूळ रंगाचे, ते आधीच झालेले. रंगवायचे फक्त सात. कोपऱ्यातला पट्टा आणि शेजारची भिंत एकाच रंगाची, त्यामुळे तिथला एक इंचाचा फरक कुणाला दिसत नाही. आमच्या मोठ्याने कागदावर आधी 14 पट्टे काढले होते. एका टोकाला गडद, दुसऱ्याला फिकट. कागदावरच चूक कळली, हे बरे झाले.

आता टेप. ज्या पट्ट्याला रंग द्यायचा त्याच्या बाहेरच्या बाजूला टेप लावायची, म्हणजे रेघ उघडी राहील. हे ऐकायला सोपे आहे, पण सात पट्टे झाल्यावर डोके फिरते आणि आपण टेप आत लावून मोकळे होतो. मग एक पट्टा बारीक, शेजारचा रुंद. चाचांनी सांगितले, जिथे रंग द्यायचा नाही तिथे टेपच्या तुकड्याची फुली मारून ठेवा. टेप लावली की तिची कड जुन्या एटीएम कार्डाने दाबत वरपासून खालपर्यंत जायचे. बोटाने दाबलेली पुरत नाही.

आणि मग ती युक्ती, जिच्यासाठी चाचांचे नाव आमच्या घरात कायम दुआत राहील. टेप लावून झाल्यावर आम्ही नवा रंग उघडायला निघालो. त्यांनी हात धरला. "आधी जुना." म्हणजे भिंतीचा जो मूळ रंग, तोच टेपच्या कडेवरून हलक्या हाताने एकदा फिरवायचा. भिंत कितीही घासली तरी तिला बारीक दाणा असतो, टेपखाली केसाएवढ्या फटी राहतात. त्या फटींत काहीतरी शिरणारच. मग भिंतीचाच रंग शिरू द्या, तो दिसणार नाही. तो वाळला की फटी बुजल्या. त्यावर नवा रंग द्यायचा, पातळ दोन हात. एकच जाड हात दिला तर टेप काढताना कड उचलली जाते.

टेप केव्हा काढायची, यावर आमच्यात वाद होता. आम्हाला वाटे, पूर्ण वाळल्यावर. चाचा म्हणाले, नाही. दुसरा हात दिल्यावर थोडा वेळ थांबायचे आणि रंग अजून ओलसर असतानाच काढायची. वाळला की रंगाचा पापुद्रा टेपवरून भिंतीपर्यंत अखंड होतो आणि टेपबरोबर फाटतो. काढताना टेप स्वतःवरच दुमडून, भिंतीशी अर्ध्या काटकोनात, हळूहळू, रंगवलेल्या बाजूपासून दूर ओढायची. उशीर झालाच तर आधी कडेवरून ब्लेड फिरवावे. सात पट्ट्यांना आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या, कारण एकाच वेळी सगळ्यांना रंग दिला तर शेवटच्याची टेप काढेपर्यंत पहिल्याचा वाळून जातो.

पहिली टेप धाकटीने काढली. कड अशी निघाली की ती काही बोललीच नाही. नुसती बोट लावायला गेली आणि चाचा ओरडले.

चाचांनी पैसे घ्यायला नकार दिला. आम्ही ते त्यांच्या नातवाच्या हातात दिले. ज्याच्या हुन्नराने आपले काम झाले त्याची मजुरी शेजारी म्हणून बुडवायची नाही, मग तो कितीही नको म्हणो.

इथे एक शब्द. मराठीत अबलख घोडा म्हणतात तो अंगावर दोन रंग असलेला. हा शब्द अरबीतून, फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आला. अरब देशांत बांधकामातही हाच शब्द आहे, अबलक. गडद आणि फिकट दगडांचे थर एकावर एक. दमास्कस आणि कैरोच्या जुन्या इमारती पाहिल्या की भिंतीवर आडवे पट्टे दिसतात. कैरोच्या किल्ल्यातल्या एका राजवाड्याचे नावच कस्र अल-अबलक होते. कॉर्डोबाच्या मशिदीत कमानींमध्ये लाल-पांढरे पट्टे आहेत, आणि दिल्लीत कुतुबमिनारजवळच्या 1311 च्या अलाई दरवाज्यावर लाल दगडात पांढरा संगमरवर बसवलेला आहे. फरक एवढाच की तिथे पट्टा दगडातूनच आलेला असतो, त्याला टेप लागत नाही. धाकटीने हे ऐकून भाईजानांना फोन केला आणि सांगितले की तिची भिंत अबलख आहे. फोनवर भाईजान हसले, एवढे आम्ही ऐकले.

खोली तयार झाल्यावर तिने दादींना हात धरून आत नेले. आम्ही बाहेर होतो. अम्मी दारात थांबल्या. मग पुढे झाल्या, उजव्या हाताने भिंतीकडे इशारा केला आणि एक एक पट्टा मोजू लागल्या. एक, दोन, तीन. सातपर्यंत. बरोबर सात. मग म्हणाल्या, "ये तो दिखता मेरे को."

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. अम्मींच्या वाटेवर आम्ही जास्त उजेड शोधत होतो. त्यांना हवा होता तो फरक, फिकटाशेजारी गडद. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, अगदी बरोबर. काचबिंदूत दोन छटांमधला फरक ओळखण्याची ताकद कमी होते, म्हणून पायरीची कड, दाराची चौकट, स्विचची पट्टी या गोष्टी भिंतीपेक्षा स्पष्ट वेगळ्या रंगाच्या असाव्यात. त्यांनी आम्हालाही बसवून डोळ्यांतला दाब तपासला. काचबिंदू घराण्यात चालतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला असेल तर चाळिशीनंतर तपासून घ्यायलाच हवे, कारण सुरुवातीला दुखत नाही आणि कळतही नाही. भाईजानांनाही पाठवले. या लेखात दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, हे राहू द्या.

बोळकांडीसाठी उभे पट्टे नकोत, हे लगेच ठरले. दाट पट्ट्यांच्या भिंतीशेजारून चालताना निरोगी माणसालाही गरगरल्यासारखे होऊ शकते. आम्हाला हवा होता एकच आडवा पट्टा, खोलीपासून निघणारा. तो किती उंचीवर, हे अम्मींनीच ठरवले, नकळत. त्यांना भिंतीला हात लावून चालायला सांगितले आणि तळवा जिथे टेकला तिथे मोठ्याने मागून पेन्सिलीच्या खुणा केल्या. जमिनीपासून 34 इंच. त्याच्या वर-खाली तीन-तीन इंच घेतले, म्हणजे पट्टा सहा इंचांचा.

आडवी रेघ मारायला ओळंबा चालत नाही, पाणी लागते. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, बुडबुडा राहू द्यायचा नाही, एकाने एक टोक धरायचे, दुसऱ्याने चौदा फुटांवर दुसरे. दोन्हीकडे पाणी जिथे थांबते ती एकच पातळी. आम्ही नळी धरून उभे होतो तेव्हा सांगलीच्या खालाजानच्या घराची आठवण झाली. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी त्यांच्या घरात शिरले आणि ओसरल्यावर चारही भिंतींवर चिखलाची रेघ राहिली. घर जुने, छत एका बाजूला उतरलेले, ते तोवर कुणाला जाणवले नव्हते. त्या रेघेमुळे दिसले. एका भिंतीत रेघ छताच्या चार बोटे जवळ, समोरच्या भिंतीत लांब. रेघ बरोबर होती, छत वाकडे होते. खालाजाननी ती घासून काढायला दोन रंग दिले.

आमची फरशीसुद्धा मोरीकडे उतरती आहे, पाणी वाहून जावे म्हणून. मोठा म्हणाला, जमिनीला समांतर घेऊ. चाचा म्हणाले, पट्टा जमिनीपासून आणि छतापासून दोन्हीकडून लांब आहे, पाण्याच्या रेघेनेच घ्या. छताला लागून असता तर छताचे ऐकावे लागले असते, नाहीतर खरी रेघच वाकडी दिसते. मग दोन खिळ्यांना सूत ताणून मारले. गवंडी त्याला नीळ किंवा गेरू लावतात, पण तो डाग फिकट रंगातून वर येतो. आम्ही शाळेतल्या पिवळ्या खडूच्या उरलेल्या तुकड्यांची भुकटी लावली. रेघ उमटली की पेन्सिलीच्या खुणा करून भुकटी झटकून टाकायची, नाहीतर टेप धरत नाही.

रंगावरून चाचांशी मतभेद झाला. त्यांचे म्हणणे ऑइल पेंट, हाताचे डाग पुसता येतात. पण तो चमकतो, आणि चमकेवर पडलेला दिवा अम्मींच्या डोळ्यांत जातो. बिनचमकीचा धुता येणारा इमल्शन घेतला. कोणता रंग, यासाठी एक साधी परीक्षा आहे. नमुन्याचे तुकडे भिंतीवर लावून मोबाईलने कृष्णधवल फोटो काढायचा. धाकटीचा आवडता मोरपंखी त्या फोटोत भिंतीत जवळजवळ विरघळून गेला. गडद तपकिरी तेवढा उभा राहिला. तोच घेतला, दिसायला फार सुंदर नाही.

सगळ्यात जास्त विचार पट्टा कुठे थांबवायचा यावर झाला. तो पायरीच्या बरोबर वर थांबतो. पट्टा संपला म्हणजे पाय जपून खाली टाकायचा. मोरीच्या दाराची चौकट त्याच तपकिरी रंगात, आणि पायरीच्या कडेला दोन इंचांची रेघ. दगडावरची ही रेघ मात्र फरशीच्या रंगाने, तिथे इमल्शन टिकत नाही. दगड आधी सोड्याने धुऊन दोन दिवस कोरडा ठेवला.

अम्मींच्या खोलीत मात्र काही केले नाही. त्यांनी स्वतःच सांगितले, किब्ल्याकडची भिंत कोरी राहू दे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरच्या नक्षीदार पडद्याची हदीस वाचकांना माहीत आहे. नमाजमध्ये लक्ष जाते म्हणून हुजूर (स.अ.व.) यांनी तो बाजूला करायला सांगितला होता. अम्मी म्हणाल्या, "रस्त्यावर पट्टा हवा, पोहोचल्यावर नको."

पहिल्या पहाटे आम्ही दार किलकिले ठेवून पाहत होतो. छोटा दिवा चालू होता. अम्मी बाहेर आल्या, तळवा पट्ट्यावर ठेवला आणि चालू लागल्या. पूर्वी त्या पाय घासत चालत. पट्ट्याच्या शेवटी थांबल्या, खाली पाहिले, पायरीची रेघ दिसली असावी, दुसऱ्या हाताने चौकट धरली आणि उतरल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी त्या एवढेच म्हणाल्या, "रात्री तुमच्या दाराची कडी वाजली. झोपत जा."

नजर परत आलेली नाही, हे आम्ही स्वतःला विसरू देत नाही. थेंब चालू आहेत, तपासणी चालू आहे. पुढे ती आणखी कमी झाली तर हा पट्टाही पुरणार नाही, तेव्हा दांड्याचा विषय पुन्हा निघेल आणि अम्मी पुन्हा दवाखान्याचे बोलतील. सध्या पट्ट्यावर मोरीच्या बाजूला, शेवटच्या हातभर जागेत, तळव्याने रंग थोडा उजळला आहे. तिथे त्या थांबतात. उरलेला रंग आम्ही झाकणाच्या बरणीत, वर नाव आणि तारीख लिहून ठेवला आहे. पायरीवरची रेघ मात्र भिंतीपेक्षा लवकर झिजते. ती रमजान लागण्याआधी पुन्हा द्यायची आहे, म्हणजे पहिल्या सहरीपर्यंत पक्की वाळेल. दोन रात्री अम्मींना पुढच्या खोलीत झोपायला सांगावे लागेल. अजून सांगितलेले नाही.